कायमचा बसवलेला नट

नट निघत नाही, अशी तक्रार घेऊन माणसं माझ्याकडे चाळीस वर्षं आली. नट राहत नाही म्हणून येणारी त्या मानाने थोडी, पण आठवायला बसलो की तीच आधी डोळ्यांपुढे येतात. निघत नाही त्याला तेल, जाळ आणि चार शिव्या पुरतात. राहत नाही त्याला डोकं चालवावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक घाईत असतं.

बिदरकडच्या भालकीत उदगीर रोडला माझं वर्कशॉप आहे. मूळ गाव जनवाडा. घरात शेती आणि थोडी दुकानदारी. लोखंडाला हात लावणारा मी पहिलाच. शाळा सोडून फिटरकामाला लागलो तेव्हा आमचे अप्पा एवढंच म्हणाले, "लोखंड पेरून काय उगवतंय ते तरी बघ." कडबाकुट्टी, मळणी यंत्र, रसाचं चरक, ट्रॉलीची चाकं, पिठाची गिरणी, जे जे म्हणून फिरतं ते माझ्या दारात येत गेलं आणि लोक मला फिटरअण्णा म्हणायला लागले. आता गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. खुर्ची टाकून बसतो आणि दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढतो. या अंकवाल्यांनी धंद्यातल्या गमती लिहून मागितल्या. गमती आहेत. त्यांतली एक मात्र गमतीची नाही, आणि खरं सांगायचं तर तीच लिहायची म्हणून कागद पुढे ओढलाय. एका म्हाताऱ्याचा पिढीजात मान माझ्या हातोडीखाली जवळजवळ चेपला गेला होता, त्याची ती गोष्ट आहे.

पण आधी बाहेरच्या माणसांना थोडं सांगायला हवं. दांड्याच्या टोकाला आटे पाडलेले असतात. त्यांवर नट आवळला की त्याच्या मागे चाक अडकून राहतं. म्हणजे राहावं अशी अपेक्षा असते. यंत्र थरथरायला लागलं की नट केसाकेसाने मागे सरतो, कुणाला पत्ता लागत नाही, आणि एके दिवशी चाक आपल्या वाटेने निघून जातं. ते होऊ नये म्हणून नाना उपाय आहेत. एका नटावर दुसरा नट आवळतात. एका चुलीपुढे दोन जावा बसवल्या की दोघींपैकी एकही जागा सोडत नाही, तसं ते आहे. दांड्याला आरपार भोक पाडून पिन घालतात आणि तिचे पाय फाकवून ठेवतात. आट्यांना डिंकासारखं औषध लावतात. आणि अगदी कायमचंच करायचं असेल तर नटाच्या बाहेर आलेलं दांड्याचं टोक हातोडीने ठोकून पसरवतात, त्याला आम्ही रिबिट करणं म्हणतो. त्यावर वेल्डिंगचे टाके मारले की मग तो नट कापल्याशिवाय निघत नाही.

पिनीवरून एक गुरुजी आठवतात. त्यांनी मोटारसायकलचं मागचं चाक स्वतः खोललं, स्वतः बसवलं, आणि आठ दिवसांनी बाजाराला आले तेव्हा सहज माझ्याकडे डोकावले.

"अण्णा, गाडी एकदम ब्येस पळायलीय. बसवल्यावर ह्यो एवढा तुकडा उरलाय. कशाचा आसंल?"

ती मागच्या चाकाचा नट धरून ठेवणारी पिन होती. आठ दिवस गुरुजी तिने कान कोरत होते. मी बाहेर जाऊन नटाला दोन बोटं लावली तर तो खुशाल फिरला. गुरुजींना दाखवलं तेव्हा ते बाकावर बसले आणि पाणी मागितलं. "कंपनीवाले जास्तीचं सामान घालत्यात आसं वाटलं मला," म्हणाले. पुढे ते हा किस्सा वर्गात पोरांना सांगायचे, असं कानावर आलं. फक्त त्यातला मूर्ख माणूस दुसऱ्या गावचा असायचा.

दुसरी आठवण आमच्या जनवाड्याची. तिघा भावांची कडबाकुट्टी होती. तिच्या चाकाचा नट निघेना म्हणून मला बोलावलं. जाऊन बघतो तर पान्याला लांबलचक पाइप लावलेला. थोरला पाइपच्या टोकावर बसलेला, मधला खालून ढकलतोय, धाकटा सल्ला देतोय. तिघंही घामाघूम. त्यांची आई गंगाक्का ओट्यावर ज्वारी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अण्णा, सकाळधरनं बघायलेय मी. नट बाहीर येईना, आत जायलाय. पर ह्यांच्या बापानं कधी माझं ऐकलं न्हाई, ही कशाला ऐकतील?"

म्हातारीचं बरोबर होतं. त्या नटाला उलटे आटे होते. चाक ज्या दिशेला फिरतं त्या दिशेने ते नटालाही थोडंथोडं ओढत असतं. साधा नट त्या ओढीने सुटला असता, म्हणून करणाऱ्यांनी आटे उलटे पाडले, की चाक फिरेल तसा नट आवळत जावा. उलट्या आट्यांचा नट उजवीकडे फिरवला की सुटतो. तिघं भाऊ डावीकडे फिरवून जिवाच्या आकांताने आवळत होते. मी पाना दुसऱ्या बाजूने लावला, दोन ठोके दिले आणि नट काढून गंगाक्काच्या सुपात ठेवला. उलट्या आट्यांचं हे प्रकरण ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला हे सगळं शिकवलं इब्राहिम उस्तादांनी. उस्ताद हाताचे जेवढे भारी, तेवढेच जिभेचे तिखट. कुणी म्हटलं, कायमचं बसवून टाका, की ते हातोडी खाली ठेवायचे आणि विचारायचे, "कल इसकू कौन खोलता?"

गिऱ्हाईक म्हणायचं, कुणीच खोलणार नाही.

"कोई तो खोलता. तू नै तो तेरा बेटा खोलता, और मेरे कू गाली देता. पैले पूछ ले घर में."

निम्मी गिऱ्हाइकं तिथेच पिनीवर यायची. खोलणारा कोण हे विचारल्याशिवाय कायमचं बंद करायचं नाही, हा आमच्या दुकानाचा रिवाज होता. उस्ताद गेल्यावर मीही तो पाळला. एक रसवंतीवाला आला होता, चरकाचा नट सारखा सुटतो म्हणून. मी रीतसर विचारलं. तो म्हणाला, "अण्णा, नवरा-बायकोवानी बसवा, जल्मात येगळं व्हायाचं न्हाई." बसवला. दुसऱ्या उन्हाळ्यात चरक घेऊन दारात हजर.

"अण्णा, येगळं करा."

"कामून? जल्मात न्हाई म्हणालास की."

"आत बेरिंग गेलंय हो. माझं काय नवरा-बायकोचं घिऊन बसलाव."

नट कापायला अर्धा दिवस गेला. पण मी विचारलं होतं, त्यामुळे शिव्या खाणारा तो आणि देणारा मी होतो. धंद्यात असा दिवस क्वचित येतो.

एवढा पाळलेला रिवाज मी एकदाच मोडला, तो रथाच्या वेळी.

राजेश्वरच्या पुढे एक गाव आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर दोन्ही पार्टीची माणसं माझ्या दुकानात येऊन बसतील आणि चहा मला पाजावा लागेल. गावात देवाची मोठी जत्रा भरते आणि चार लाकडी चाकांचा रथ निघतो. पूर्वी रथाचे आस, म्हणजे चाकं ज्यावर फिरतात ते दांडे, लाकडाचे होते. काही वर्षांपूर्वी पोलादी आस घातले आणि त्यांच्या चारी टोकांना आटे पाडून मुठीएवढे नट बसवले. ही सुधारणा प्रभू नावाच्या तरुण इंजिनियरने केली. तो गावचाच, नोकरीला कलबुर्गीत, आणि जत्रा कमिटीत उत्साहाने काम करणारा. पोरगा हुशार. डाव्या बाजूच्या दोन्ही नटांना त्याने उलटे आटे पाडून घेतले होते, जुन्या ट्रकना असायचे तसे. हे बघून मी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली होती.

तर जत्रेला पंधरा दिवस असताना प्रभू आणि कमिटीचे दोघं माझ्याकडे आले. मागच्या साली रथ देवळापाशी परत आला तेव्हा पुढच्या डाव्या चाकाचा नट शेवटच्या दोन आट्यांवर लोंबत होता. आणखी थोडं अंतर असतं तर चाक निघालं असतं, आणि रथाच्या दोराला सगळं गाव लागलेलं असतं. प्रभूचा चेहरा सांगताना उतरला होता.

"अण्णा, परमनंट लॉक करून टाका. परत कुणी हात लावायचं कामच न्हाई."

त्याच्यासोबतच्या सभासदाने कारणही सांगून टाकलं. "आमचा मोनप्पा म्हातारा झालाय. त्येच्या हातात जोर ऱ्हायला न्हाई. नट ढिला ठिवलाय त्येनं."

मोनप्पा कोण, हे मी विचारलं नाही. कल इसकू कौन खोलता, हेही विचारलं नाही. देवाच्या रथाचं काम चालून आलंय, एवढ्यानेच मी फुगलो होतो. आयुष्यभर कडबाकुट्ट्या केलेल्या माणसाला रथ म्हणजे काय वाटतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

दोन दिवस राबून मी चारी नट बंद केले. टोकं ठोकून अशी पसरवली की भाकरीच्या कडेसारखी गोल बसली. वर प्रत्येकी चार टाके मारले, घासून गुळगुळीत केले, रंग दिला. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही टोचली होती. आस कडक जातीच्या पोलादाचा होता. असल्या पोलादाला आधी चांगलं तापवल्याशिवाय टाका मारू नये, नाहीतर थंड होताना ते आतून चिरतं. पण चाकं लाकडाची, तापवली तर करपणार. चाकं उतरवून करायचं तर काम लांबणार. मी म्हटलं, चालतंय, चारच तर टाके आहेत. देवळापुढे मला शाल आणि नारळ मिळाला. फोटो काढला. तो फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, हेही कबूल करतो.

जत्रा शनिवारी होती. त्या आठवड्यातल्या मंगळवारी एक म्हातारा बसने भालकीला उतरून माझं दुकान विचारत आला. धोतर, डोक्याला रुमाल, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. बाकावर बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "मी मोनप्पा. रथाचा सुतार."

मग त्याने सावकाश सांगितलं. रथाच्या चाकांना तेल घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. जत्रेच्या आधीच्या सोमवारी त्यांच्या घरातला कर्ता माणूस हलगी वाजवत रथापाशी जातो, चारी चाकं उतरवतो, आसाला एरंडेल लावतो, विभूती लावतो आणि चाकं चढवतो. त्याशिवाय रथ हलत नाही. लाकडी आस होता तेव्हा चाकाच्या तोंडाशी लाकडाची पाचर असायची. त्या पाचरीचं नाव ‘कुणी’, बैलगाडीला असते तशीच. नट आले तशी मोनप्पाने कुणी सोडली आणि पाना घेतला. मान तोच राहिला. मी नट बंद केले तेव्हा तो औरादला लेकीकडे गेला होता. काल सोमवारी हलगीवाल्याला आणि सगळ्या घरादाराला घेऊन तो रथापाशी गेला, फडकं सोडलं, पाना लावला, आणि तेव्हा त्याला कळलं.

"तुमचं काम चांगलं हाय अण्णा. हात फिरवून बघिटलो मी. आसं काम मला जमलं नसतं." त्याने फडकं सोडून पाना माझ्या टेबलावर ठेवला. "आता ह्येचं माझ्या घरात काय काम न्हाई. लोखंड हाय, तुमच्या कामाला ईल. ठिवून घ्या."

म्हातारा चिडला असता तर मी दोन उत्तरं दिली असती. तो चिडला नाही, त्यामुळे माझी पंचाईत झाली. पान्याची मूठ धरून धरून गुळगुळीत झाली होती. उस्ताद जिवंत असते तर त्यांनी तोच पाना माझ्या डोक्यात घातला असता.

मी चहा मागवला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अप्पा, पर नट सुटत हुता की मागच्या साली. धोका हुता."

"सुटतंय की. मी न्हाई कुठं म्हणालोय? पर जाताना सुटत न्हाई, येताना सुटतंय. जाताना उलट घट्ट हुतंय. तीन साल सांगायलोय मी. माझ्या हातात जोर न्हाई म्हणत्यात."

चहाचा कप माझ्या हातातच राहिला. आमच्या भागातला रथ वळत नाही. एवढं मोठं धूड वळवणार कसं? देवळापासून गावच्या दुसऱ्या टोकाच्या कट्ट्यापर्यंत पुढे ओढत नेतात, आणि परत येताना दोर मागच्या बाजूला बांधून तसाच उलटा ओढत आणतात. ट्रक दिवसभर पुढे जातो, म्हणून त्याला डावीकडे उलटे आटे बरोबर. रथ जेवढा पुढे जातो तेवढाच मागे येतो. म्हणजे प्रभूचे उलटे आटे जाताना नट आवळणार आणि येताना तितक्याच इमानाने सोडणार. सुलटे घातले असते तर जाताना सुटले असते. आट्यांची दिशा कुठलीही घ्या, अर्ध्या वाटेत ती रथाच्या विरोधातच जाणार. लाकडी कुणीला दिशाच नव्हती, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या काही झालं नाही. दोन शिकलेली माणसं, एक इंजिनियर आणि एक फिटर, आणि दोघांच्याही डोक्यात हे आलं नाही. दोष मात्र म्हाताऱ्याच्या मनगटावर गेला.

आता खरं बोलायचं तर मी लगेच कमिटीला फोन करून हे सांगायला हवं होतं. फोन केला, पण सांगितलं भलतंच. कमिटी म्हणणार, कारण काही का असेना, आता नट पक्के आहेत, सुटायचा प्रश्न मिटला, मग खोलायचं कशाला? आणि त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. एका म्हाताऱ्याचा पाना माझ्या टेबलावर बघवत नाही, हे कारण मीटिंगमध्ये चालत नाही. म्हणून मी प्रभूला म्हणालो, "मला एक टाका कच्चा वाटायलाय. खोलून बघावं लागंल."

चाळीस वर्षांत माझ्या कामाला मी स्वतः कच्चं म्हणायची ती पहिली वेळ. प्रभू घाबरला आणि म्हणाला, लगेच या.

बुधवारी सकाळी ग्राइंडर घेऊन गेलो. जातानाच मोनप्पाला त्याच्या घरून सोबत घेतलं. कमिटीची माणसं थोडा वेळ ठिणग्या बघत उभी राहिली, मग मांडवाच्या कामाला निघून गेली. पुढचा डावा नट कापून, छिन्नीने फोडून काढायला दोन तास लागले. स्वतःचं चांगलं काम स्वतः फोडताना मजा येत नाही. आम्ही दोघांनी ठोकळे लावून चाक उतरवलं.

मोनप्पाने बायकोकडून एरंडेलाचा तांब्या मागवून घेतला. आसाला ते चोळलं, अगदी लेकराला चोळतात तसं, आट्यांच्या फटीफटीत बोट घालून. मग खाली बसला आणि पान काढलं. मी म्हणालो, अप्पा, उशीर होतोय. तो म्हणाला, "पान खाऊन झाल्याबगर पुसायचं न्हाई. आमचा अप्पा आसंच करायचा." पान संपलं. कोरड्या फडक्याने त्याने आस लख्ख पुसला, तेलाचा थेंब ठेवला नाही. मग विभूतीची वडी चुरून भुकटी केली आणि आसावर सगळीकडे पातळ थर दिला. हात जोडले. पुन्हा बसला.

"आता काय?" मी विचारलं.

"आता बघायचं. रेघ उमटली तर आस बदलायचा. लाकडाच्या आसाला दोनदा उमटलीया माझ्या हयातीत."

आणि आमच्या डोळ्यांदेखत पांढऱ्या विभूतीवर एक काळी रेघ वर आली. माझ्या टाक्याच्या मुळापासून निघाली आणि वाकडीतिकडी होत चाकाच्या जागेकडे चार बोटं गेली. चिरेत शिरलेलं एरंडेल परत बाहेर येऊन राखेला लागत होतं. मोठ्या कारखान्यांत हीच परीक्षा लाल रंग आणि पांढरी पावडर मारून करतात. मी ती पाहिली आहे. मोनप्पाच्या घरात ती मान म्हणून चालत आली होती आणि आम्ही सगळे तिला पूजा समजत होतो.

तो आस माझ्या टाक्याने चिरला होता. शनिवारी रथ निघाला असता, चाकासकट टोक तुटून पडलं असतं, आणि बाजूला माणसंच माणसं. मी कच्चा टाका म्हणून खोटं बोललो होतो, ते खरं निघालं होतं. मोनप्पाने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. लोहाराच्या शेजारी आयुष्य गेलेल्या माणसाला टाक्याजवळची चीर कशाची ते सांगावं लागत नाही.

तो एवढंच म्हणाला, "बसा जरा. पाणी प्या."

तेवढ्यात प्रभू आणि कमिटीवाले आले. त्यांनी वाकून रेघ बघितली. मग सभासदांपैकी एकजण म्हणाला, "अण्णा म्हंजे अण्णा. घरी बसून वळखले की वो, टाका कच्चा हाय म्हणून." आणि मी काय केलं? मान हलवली. म्हणालो, "म्हटलं हुतं की मी." मोनप्पा चाकाला तेल लावत होता. त्याने वर पाहिलंही नाही.

पुढचे तीन दिवस मी झोपलो कमी आणि राबलो जास्त, तेवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. बाकीचे तीन नटही कापले, प्रत्येक टोकाला एरंडेल आणि विभूती लावून पाहिली. मागच्या आसावर रेघ नव्हती, तरी वेल्डिंग लागलेला आस पुन्हा वापरायचं धाडस झालं नाही. दोन्ही आस नवे केले. बिदरहून पोलाद आणलं, ओळखीच्या एका मोठ्या लेथवर कातून घेतलं. या वेळी आटे पाडलेच नाहीत. टोकाजवळ आरपार भोक पाडलं, चाकाच्या तोंडाशी जाड पत्र्याचं वायसर दिलं आणि त्यापुढे अंगठ्याएवढी पोलादी कुणी. पुढे ओढा, मागे ओढा, तिला काही फरक पडत नाही. प्रभूला आट्यांच्या दिशेचं समजावून सांगितलं तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला. मग उठला, मोनप्पाकडे गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "अप्पा, नट तुमच्या हातानं न्हाई सुटला. माझं चुकलं." पोरगा माझ्यापेक्षा सरळ निघाला.

शनिवारी सकाळी हलगी वाजवत मोनप्पा आला. चारी चाकांना त्याने स्वतःच्या हाताने कुण्या घातल्या आणि रथ निघाला. जाताना तो पुढच्या डाव्या चाकाच्या बाजूने चालला, येताना उलट्या पावलांनी. रथ जागेवर येऊन थांबला तेव्हा त्याने कुणीला बोटाने हलवून पाहिलं. ती केसभरही सरकली नव्हती. तिथेच स्पीकरवरून माझं नाव पुकारलं गेलं. फिटरअण्णांच्या अनुभवामुळे मोठं संकट टळलं, असं सांगून कमिटीने मला दुसरी शाल घातली. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. मोनप्पाचा मान त्याला परत मिळालाय, मग आणखी काय हवं, असं मी मनाशी म्हणत होतो.

मोनप्पा गर्दीतून माझ्यापाशी आला. त्याच्या बोटांना विभूती होती. ती त्याने माझ्या कपाळाला आडवी ओढली, चांगली जाड. आणि हसत म्हणाला, "जरा थांबा अण्णा. पान खाऊन हुतंय तवर बघू, रेघ उमटती का."

तो थट्टा करत होता. मला परतीच्या बसमध्ये कपाळ पुसायचा धीर झाला नाही.

त्याला आता दोन जत्रा उलटून गेल्या. पाना अजून माझ्या दुकानात खिळ्याला आहे. परत न्यायला गेलो तर मोनप्पा म्हणाला, कुणीला पाना कशाला लागतोय, राहू द्या तुमच्याकडं. पाना रोज दिसतो, आणि ग्रुपवरचा तो शालीचा फोटोही कुणीतरी दर जत्रेला पुन्हा टाकतं. म्हणून आता छापूनच टाकतो. रथाचा आस माझ्या टाक्याने चिरला होता. मी काहीही ओळखलं नव्हतं. ती चीर मोनप्पाने शोधली, एरंडेल आणि विभूतीने, जशी त्याच्या बापाने शोधली असती.

दुसरी शाल इस्त्री करून ठेवली आहे. यंदाच्या जत्रेआधीच्या सोमवारी मोनप्पा तेल घालायला जाईल तेव्हा मीही जाणार आहे. अंकाची एक प्रत कमिटीसाठी, शाल मोनप्पासाठी. कपाळ कोरडं पुसून जाईन, त्याला विभूती लावायला जागा हवी.